कॉइल बंद कर आधी!

प्रश्न: ताई, मी ऐरोलीला राहते, पाचवा महिना चालूय. खाडी जवळच, सहा वाजले की डासांमुळे खिडकी उघडायची सोय नाही. सासूबाई पलंगाखाली कॉइल लावतात, मला धुराने मळमळतं. क्रीम लावलं तर बाळाला काही होईल का?

उत्तर: अगं, कॉइल आधी बंद कर, हवं तर सासूबाईंना माझं नाव सांग, बंद खोलीत तो धूर रात्रभर त्यांच्याही छातीत जातोच की. क्रीमला घाबरू नकोस, मागची बारीक अक्षरं वाच, डीट किंवा पिकारिडिन, म्हणजे डासांना दूर ठेवणारं रसायन, असेल तर लेबलप्रमाणे वापरलं की गरोदरपणातही चालतं. डीट २० ते ३० टक्के पुरे, जास्त टक्के म्हणजे जास्त वेळ टिकतं एवढंच. उघड्या हातापायांवरच लाव, कपड्याच्या आत नको, सनस्क्रीन लावत असशील तर आधी ते मग हे, घरी आलीस की साबणाने धू. आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो बरं का, म्हणून दुपारी आडवी झालीस तरी मच्छरदाणी हवीच. फ्रिजमागचा ट्रे बघितलायस कधी? कुंड्यांखालच्या ताटल्यांसारखाच दर आठवड्याला रिकामा कर. ताप आला तर मनाने ब्रुफेन घेऊ नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.