बापाची सही मिळेना, म्हणून पोरीचा इलाज अडवला

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. 16 वर्षांची मुलगी, आधी दोन वर्षं बालगृहात होती, गेलं दीड वर्ष बाल कल्याण समितीच्या ऑर्डरने तुमच्याकडे प्रतिपालकत्वात (फॉस्टर केअर) आहे, रात्रभर जागी असते, मध्यंतरी हातावर ब्लेडचे ओरखडे दिसले, आणि हॉस्पिटलवाले म्हणतात खऱ्या आईबापाची सही आणा. आई वारली, आणि बाप सहीसाठी पाच हजार मागतोय.

देऊ नका. एक रुपयासुद्धा नाही. आज दिलेत तर दर महिन्याला दारात उभा राहील.

डॉक्टर अगदीच चुकीचे नाहीत बरं का. 18 च्या आतल्या पेशंटला पालकाची संमती लागते, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 15 मध्ये अल्पवयीन मुलाचा प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात त्याच्या वतीने बोलणारा माणूस) म्हणजे 'कायदेशीर पालक' असं लिहिलंय. पण पालक म्हणजे जन्मदाताच असं कोण म्हणालं? बाल न्याय कायदा 2015 मध्ये पालकाच्या व्याख्येत ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष ताबा आहे आणि ज्याला समितीने पालक म्हणून मान्य केलंय तो माणूसही येतो. त्याच कायद्याचं कलम 44 मुलाच्या आरोग्याची जबाबदारी तुमच्यावरच टाकतं. म्हणजे जबाबदारी तुमची आणि सही बापाची, असला कारभार चालायचा नाही!

अडचण बहुतेक तुमच्या ऑर्डरमध्येच आहे. त्यात नुसता 'ताबा दिला' असं असणार, उपचारांचं काहीच नसणार. मग बाल कल्याण समितीकडे साधा अर्ज करा, की या मुलीच्या मानसिक उपचारांसाठी मला पालक म्हणून मान्यता द्यावी आणि संमतीचे अधिकार द्यावेत. सोबत ओपीडीचा कागद आणि हॉस्पिटलने परत पाठवलं ते तारखेसकट लिहून जोडा. अर्जाची कॉपी जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्या आणि पोच घ्या, पोच घ्यायला विसरू नका. समितीने महिन्यात किमान 20 दिवस बसायचं असतं, त्यामुळे पुढच्या महिन्यात या असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

तरी बापच पालक असा हट्ट कोणी धरला तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालच्या पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं, ते त्याच्या जागी दुसरा प्रतिनिधी नेमू शकतं. सहीचे पैसे मागणारा बाप मुलीच्या हिताचं बघत नाही हे मंडळाला वेगळं पटवायला नको.

ऑर्डर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात, आजच लावा. ब्लेड, गोळ्या घरात नजरेआड ठेवा. परत तसं काही झालं तर सरळ सिव्हिलला न्या, जिवाला धोका असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 94 खाली 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात, तिथे बापाला शोधत बसायचं कारण नाही. ॲडमिट करायची वेळ आली तर मात्र त्याच कायद्याच्या कलम 87 ची प्रोसिजर कडक आहे, मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही आणि सोबत तुम्हाला राहता येतं, हे ठणकावून सांगा.

खर्चाचं तुम्ही लिहिलंत, मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून मुलीसाठी महिन्याला मिळणाऱ्या 4000 रुपयांत प्रायव्हेटच्या फिया बसत नाहीत, मान्य. पण दारिद्र्यरेषेखालच्या किंवा निराधार माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत आहेत आणि त्यासाठी कार्ड हातात असायलाच हवं असंही नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. 18 नंतर ती स्वतःचा प्रतिनिधी स्वतः नेमू शकते, साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. पण सरकारी अनुरक्षण सेवा, म्हणजे 18 नंतरची मदत, कायद्यात संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठी लिहिलीय. घरात वाढलेली मुलं नेमकी तिथेच अडकतात (कायदा करणाऱ्यांना हे सुचलं नाही की काय, देव जाणे). तुमची मुलगी दोन वर्षं बालगृहात होती, म्हणून तिथली दाखल झाल्याची आणि सोडल्याची ऑर्डर आत्ताच काढून ठेवा, उद्या मदत मागताना तोच कागद पुढे करायचाय. आणि हॉस्पिटलला झेरॉक्सच द्या, ओरिजिनल हातातून सोडू नका.