देवाला कोणी लाडकं असतं का?

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचक ताई): आमच्या गावात सप्ता बसला होता. महाराज एक दिवस म्हणे गीतेच्या नवव्या अध्यायात देव सांगते मला सगळे सारखे, कोणी नावडतं नाही न कोणी लाडकं नाही. मंग बाराव्या अध्यायावर बोलले तर तिथं सारखं 'तो भक्त मला प्रिय'. खरं काय? विचारलं तर म्हणे शास्त्रात शंका काढू नये. माझी सासू जन्मभर कापूस वेचत राहिली, देवळात जायला सवडच भेटली नाही, पण गावात कोणाशी तिचं वाजलं नाही. मागच्या पौषात वारली. ती देवाला प्रिय नव्हती का?

उत्तर: ताई, शंका काढली ते बरंच केलं. खुद्द अर्जुन तिसऱ्या अध्यायात म्हणतो की तुझ्या बोलण्यानं माझा घोळ होतोय, एक काय ते नक्की सांग, आणि पाचव्यात परत तेच विचारतो. कृष्णानं त्याला गप्प बस म्हटलं नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज (1881 ते 1915), लहानपणीच डोळे गेलेले, त्यांनी तर उभं आयुष्य अशा वेगवेगळ्या वचनांचा मेळ घालण्यात घातलं.

आता नववा अध्याय, श्लोक 29. लोक पहिलीच ओळ सांगतात, 'समोऽहं सर्वभूतेषु', म्हणजे मला सगळे सारखे. दुसऱ्या ओळीत 'तु' आहे, म्हणजे 'पण', पण जे मला भक्तीनं भजतात ते माझ्यात आणि मी त्यांच्यात. म्हणजे तुम्हाला जो विरोध दिसला तो एकाच श्लोकात शेजारी शेजारी बसलाय! शंकराचार्य इथं अग्नीचा दाखला देतात, लांबच्याची थंडी अग्नी घालवत नाही, जवळ येईल त्याची घालवतो. पौषातली शेकोटी आठवा, ती कोणाला बोलवत नाही न हाकलत पण नाही.

काहीजण म्हणतात 'प्रिय' हे नुसतं बोलायची पद्धत. मला ते अजिबात पटत नाही, अठराव्यात देव अर्जुनाला सरळ म्हणतो तू मला प्रिय आहेस, तिथं जिव्हाळा आहे न तो तसाच राहू द्यावा.

आणि बाराव्यात प्रिय कोण ते नीट बघा, श्लोक 13 पासून. पूजा किती केली, देवळात किती वेळा गेला, असं काहीच विचारलेलं नाही. कोणाचा द्वेष न करणारा, दया असलेला, शत्रू-मित्राला सारखा मानणारा. म्हणजे जो स्वतः सगळ्यांना सारखं बघतो तोच प्रिय, मग नवव्याशी भांडण राहिलं कुठं?

'मला प्रिय' तिथं सहा वेळा येतं, त्यात पाच ठिकाणी भक्त किंवा भक्तिमान शब्द आहे. फक्त 15 व्या श्लोकात नाही. तिथं एवढंच, ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही न ज्याला लोकांचा त्रास होत नाही, हर्ष, राग, भीती यातून जो सुटला, तो मला प्रिय. सासूबाईंचं वर्षश्राद्ध येईल तेव्हा तेवढा एक श्लोक घरच्यांना वाचून दाखवा, अर्थासकट.