निर्दोष माणूस न केलेला गुन्हा कबूल का करतो, आणि चौकशीत टिकून कसं राहायचं?

तुम्ही विचारलंय, की काही केलेलंच नसेल तर कितीही तास बसवलं तरी माणूस गुन्हा कबूल कसा करेल? मारहाणीपुढे कोणीही मोडतो हे तुम्हाला मान्य आहे. तुमची शंका अंगाला हात न लावता होणाऱ्या चौकशीबद्दल आहे, म्हणून मी त्याबद्दलच लिहितो.

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण चौकशीच्या खोलीत उलटी पडते. ज्याने गुन्हा केलाय तो सावध असतो, जपून बोलतो. निर्दोष माणसाला वाटतं, सगळं नीट सांगितलं की गैरसमज मिटेल आणि आपण घरी जाऊ. मानसशास्त्रज्ञ सॉल कासिन यांनी २००४ साली लुटुपुटीच्या चोरीचा एक प्रयोग केला. त्यात गप्प राहण्याचा हक्क निर्दोषांपैकी ८१ टक्क्यांनी सोडून दिला, तर ‘चोरी’ केलेल्यांपैकी फक्त ३६ टक्क्यांनी. आपण खरे आहोत हा विश्वासच माणसाला असा उघडा पाडतो.

पुढे काय होतं ते ओळखता यायला हवं. माणसाला एकटं पाडतात. ‘तूच केलंस, आम्हाला माहीत आहे’ असं ठाम सांगतात आणि नकार द्यायला तोंड उघडलं की मध्येच तोडतात. पुरावा असल्याचं सांगतात, कधी तो नसतोही. हे चालू असतानाच सूर मऊ होतो: ‘तू मुद्दाम केलं नसशील, रागाच्या भरात झालं असेल.’ शेवटी दोनच पर्याय समोर ठेवतात, आधी ठरवून केलंस की ओघात घडलं? दोन्ही उत्तरं कबुलीचीच आहेत, पण दमलेल्या माणसाला दुसरं उत्तर सुटकेसारखं दिसतं. शिक्षा लांब आणि धूसर असते, खोलीतून बाहेर पडणं हाताशी असतं. ‘कोर्टात खरं काय ते कळेलच’ असं मनाशी म्हणून तो हो म्हणतो.

वेळ हे यातलं सगळ्यात मोठं हत्यार. स्टीव्हन ड्रिझिन आणि रिचर्ड लिओ या अभ्यासकांनी २००४ साली अमेरिकेतल्या १२५ सिद्ध झालेल्या खोट्या कबुल्या तपासल्या. ज्यांत चौकशीचा वेळ नोंदलेला होता, त्यांची सरासरी १६ तासांच्या वर होती. झोप न मिळण्याचाही असाच परिणाम होतो. २०१६ च्या एका प्रयोगात लोकांकडून संगणकाचं मना केलेलं बटण दाबल्याच्या खोट्या कबुलीवर सही मागितली गेली. रात्रभर झोपलेल्यांपैकी १८ टक्क्यांनी पहिल्या मागणीलाच सही केली, रात्रभर जागलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी.

बटणाचा मूळ प्रयोग कासिन आणि कॅथरीन कीशेल यांचा, १९९६ सालचा. तो बारकाईने बघण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना कोणीतरी वाचून दाखवेल ती अक्षरं टाइप करायची होती, पण कीबोर्डवरच्या ‘ऑल्ट’ या बटणाला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. मिनिटाभरात संगणक बंद पडतो आणि प्रयोग घेणारा म्हणतो, ‘तू ऑल्ट दाबलंस.’ कोणीच दाबलेलं नव्हतं, आणि सुरुवातीला सगळे नाही म्हणाले. तरी ६९ टक्क्यांनी कबुलीवर सही केली. २८ टक्क्यांनी बाहेर भेटलेल्या तिऱ्हाइताला ‘माझ्याकडून दाबलं गेलं’ असं सांगितलं, म्हणजे त्यांना ते मनापासून पटलं होतं. ९ टक्क्यांनी ते कसं दाबलं गेलं याचे तपशीलही रचले. अक्षरं भराभर वाचली जात होती आणि शिवाय ‘मी पाहिलं’ म्हणणारा खोटा साक्षीदार होता, अशा गटात सही सगळ्यांनी केली.

न केलेलं आठवायला लागणं हा सगळ्यात भयंकर प्रकार. आइसलँडमध्ये १९७४ साली दोन माणसं बेपत्ता झाली. मृतदेह सापडले नाहीत, पण दीर्घ एकांतकोठडीनंतर तरुण संशयितांनी कबुल्या दिल्या. त्यातल्या काहींचा स्वतःच्या आठवणीवरचाच विश्वास उडाला होता. पाच जणांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्दोष ठरवलं.

‘पण गुन्ह्याचे बारकावे त्याला कसे माहीत?’ असं लोक हमखास विचारतात. बऱ्याचदा ते चौकशीतूनच आलेले असतात. प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं, फोटो दाखवलेले असतात, चुकीचं उत्तर बरोबर येईपर्यंत फिरवून विचारलेलं असतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका स्त्रीवर झालेल्या हल्ल्याच्या प्रकरणात, १९८९ साली, १४ ते १६ वर्षांची पाच मुलं पकडली गेली. त्यातल्या चौघांचे कबुलीजबाब व्हिडिओवर होते, पण त्याआधीच्या तासन्‌तास चौकशीचं चित्रीकरणच नव्हतं. २००२ साली खरा गुन्हेगार पुढे आला, त्याचा डीएनए जुळला आणि पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. म्हणूनच चौकशीचं पहिल्या मिनिटापासून चित्रीकरण व्हायला हवं. फक्त शेवटच्या कबुलीचं चित्रीकरण धोक्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता तुम्ही काय करायचं ते. आधी विचारा: मला साक्षीदार म्हणून बोलावलंय की संशयित म्हणून, आणि मी जाऊ शकतो का? संशयित असाल तर दोनच वाक्यं, सरळ आणि पुरी: ‘मला वकील हवा. वकील आल्याशिवाय मी उत्तरं देणार नाही.’ ‘वकील घ्यावा की काय’ असं पुटपुटून चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली अशी अर्धवट विनंती ग्राह्य धरली नाही, आणि २०१० साली नुसतं गप्प बसणंही पुरेसं मानलं नाही. इंग्लंडमध्ये मात्र गप्प राहिल्याचा अर्थ कोर्टात विरुद्ध लावला जाऊ शकतो. देशागणिक नियम वेगळे, म्हणून पहिली मागणी वकिलाचीच. ती दोन वाक्यं बोललात की मग खरोखर थांबा. लोक इथेच घसरतात: वकील मागतात आणि पाच मिनिटांनी ‘एवढंच सांगतो’ म्हणून पुन्हा सुरू होतात.

वकील मिळतच नसेल आणि बोलणं भाग पडलं, तर अंदाज बांधू नका. ‘तू केलं असतंस तर कसं केलं असतंस?’ या प्रश्नाला उत्तर देऊच नका, कागदावर त्यातला ‘जर’ गळून पडतो. ‘आठवत नाही’ आणि ‘झालं असेल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिलंच म्हणा. पुरावा सापडल्याचं सांगितलं तर तो तिथे कसा आला याचा खुलासा करत बसू नका. पाणी, औषधं, झोप मागा आणि मागितल्याची वेळ लक्षात ठेवा. सोबत अल्पवयीन मूल किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती असेल, तर तिला एकटं बसू देऊ नका. ही माणसं ‘हो’ म्हणून समोरच्याला खूश करायला बघतात.

जबाबाचं प्रत्येक पान वाचा. कोऱ्या कागदावर सही नाही, न समजणाऱ्या भाषेतल्या जबाबावरही नाही. एक मेख ध्यानात ठेवा: जबाबात एखादी क्षुल्लक चूक, रस्त्याचं नाव वगैरे, मुद्दाम ठेवतात आणि तुमच्याकडून दुरुस्त करून तिथे सही घेतात. पुढे तीच दुरुस्ती ‘आरोपीने नीट वाचून सही केली’ याचा पुरावा म्हणून दाखवता येते. मजकूर चुकीचा असेल तर एखादा शब्द दुरुस्त करू नका, संपूर्ण जबाबावर सही नाकारा.

आणि कबुली देऊन झाली असेल, तर दिवस जाऊ देऊ नका. वकिलाला किंवा न्यायाधीशांसमोर उभं केल्यावर त्यांना लगेच सांगा की ती खोटी आहे. मग बसून लिहून काढा: किती वाजता बसवलं, कोण कोण होतं, झोप कधी मिळाली, आणि गुन्ह्याचा एकेक तपशील आधी कोणाच्या तोंडून आला. सुरीचा रंग तुम्ही सांगितला की त्यांनी? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ताजं असतानाच नोंदवता येतं. महिन्याभराने तुम्हालाही वाटू लागेल की ते तुम्हाला आधीपासून माहीत होतं.