मुलगा सज्ञान झाला, पोटगी थांबली

प्रश्न : परस्परसंमतीने घटस्फोट होऊन नऊ वर्षे झाली. हुकूमनाम्यात मुलाची पोटगी ‘अठरा वर्षांपर्यंत’ लिहिली आहे. मुलाला गंभीर सेरेब्रल पाल्सी आहे, खाणेपिणेही दुसऱ्याच्या हातून. गेल्या वाढदिवसानंतर वडिलांनी पैसे बंद केले. ‘कागद वाच, शिवाय तुला नोकरी आहे’ म्हणतात. मी नोकरी करते हे खरे. काही मार्ग आहे का?

उत्तर : ताई, आहे. फक्त तो जुन्या हुकूमनाम्यातून जात नाही. त्या कागदावरून भांडत बसू नका, मुलाच्या नावाने नवा अर्ज करा. पोटगीचा हक्क त्याचा स्वतःचा आहे. तुम्ही दोघांनी आपसांत केलेल्या तडजोडीने तो बुडत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (१ जुलै २०२४ पूर्वीचे कलम १२५) सांगते की, शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्यालाही पोटगी मागता येते. वयाची वरची मर्यादा नाही. कुणी १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली अर्ज लिहून देऊ लागले तर थांबवा. त्या कायद्यात मुलाचा हक्क सज्ञान होताच संपतो. हा घोळ नेहमी होतो.

अर्ज कुटुंब न्यायालयात, ते नसेल तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात. सोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्जही द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. तारखा लांबतात, तरी मागणी पहिल्या दिवशीच नोंदवा. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितले आहे. म्हणजे अर्जाआधीचे महिने हातचे गेले. ‘बोलून बघू’ म्हणत आणखी चार महिने घालवाल, तर तेही जातील.

त्याच निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. तुमचा पगार लपवू नका. तुम्हाला पगार आहे म्हणून वडिलांची सुटका होत नाही, फार तर खर्चाची वाटणी होते. खरी लढाई रकमेवर होईल. सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, फिजिओथेरपी, डायपर, औषधे, दवाखान्याच्या फेऱ्या यांच्या पावत्या महिनावार लावा. बाईंना रोख देत असाल तर या महिन्यापासून खात्यावर द्या. अपंगत्वाचे प्रमाणपत्र जुने असेल तर नवे काढा.

आणखी एक. मुलगा सज्ञान झाल्यावर आई ही कायद्याने आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. पण त्यासाठी पोटगीचा अर्ज अडवून ठेवू नका. तोवर मुलाचा वादमित्र (त्याच्या वतीने दावा चालवणारी व्यक्ती) म्हणून उभे राहण्याची परवानगी न्यायालयाकडे मागा.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करा. थकबाकी साचू देऊ नका.