ऑटिझम आहे सांगितलं की लोक काहीही बोलतात, मग सांगायचं कसं?

मुलाला ऑटिझम आहे असं सांगितलं रे सांगितलं की समोरचा म्हणतो, "छे, बघून तर अजिबात वाटत नाही!" त्याला वाटतं आपण धीर दिला, आणि इकडे आईला वाटतं याचा माझ्यावर विश्वासच नाहीये. अहो, पण ऑटिझम म्हणजे मेंदूची जडणघडणच वेगळी, ते बघून वाटणार तरी कसं?

माझं स्पष्ट मत आहे, सगळ्यांना सगळं समजावत बसू नका. ज्याचा जेवढा संबंध तेवढंच सांगायचं, आणि नुसतं नाव सांगून थांबायचं नाही, त्यांनी काय करायचं तेही सांगायचं. कारण ऑटिझम म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकतर गणितातला जीनियस येतो नाहीतर अजिबात न बोलणारं मूल, मधलं काही येतच नाही.

समजा रांगेत मूल कान घट्ट दाबून खाली बसलं, किंचाळायला लागलं, आणि मागचे लोक "जरा वळण लावा" अशा नजरेने बघतायत. हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. पण हा हट्ट नाही, मेल्टडाऊन असतो, म्हणजे मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटतो; त्यात काहीही हातात दिलं तरी थांबत नाही, कारण आवाज, लाईट, गर्दी सगळं सहन होण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. तेव्हा लेक्चर नको, "त्याला ऑटिझम आहे, आवाजाचा त्रास होतोय, थोडी जागा द्या" एवढंच, बास. प्रवासात सूर्यफुलांचा हिरवा लॅनयार्ड, म्हणजे बघून न कळणारी अडचण आहे हे सांगणारी गळ्यातली पट्टी, पण कामाला येतो, 2016 ला लंडनच्या गॅटविक एअरपोर्टवर सुरू झाला आणि आता बऱ्याच देशांतल्या एअरपोर्टवरचा स्टाफ तो ओळखतो.

नातेवाईकांचं प्रकरण वेगळं. लसीमुळे झालं म्हणणारे भेटतातच, त्यांना सांगा की ज्या 1998 च्या रिसर्च पेपरमुळे ही आवई उठली तो लॅन्सेट या मेडिकल जर्नलने 2010 मध्ये मागे घेतला आणि तो लिहिणाऱ्या मुख्य डॉक्टरचं ब्रिटनमधलं रजिस्ट्रेशनही गेलं, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला त्यात गोवर-गालगुंडाच्या लसीचा संबंध सापडला नाही. तरी नाही पटलं तर विषय बदला, आपली एनर्जी का घालवायची.

पण "घरी मराठी बोलता म्हणून गोंधळलाय" हे मात्र सोडून देऊ नका, हे कधीकधी शाळेतले लोकही सांगतात आणि आईबाबा घाबरून घरातलं मराठी बंदच करतात. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, आणि दोन भाषा ऐकणारी ऑटिस्टिक मुलं त्यामुळे बोलण्यात मागे पडतात असंही अभ्यासात दिसलेलं नाही. मराठी तोडलं तर व्हिडिओ कॉलवर आजी त्याच्याशी बोलणार कशात?

आणि हो, मूल शेजारी उभं असताना त्याच्याबद्दल बोलताना जपून, बोलत नसलं तरी त्याला कळत असतं. जरा मोठं झालं की कोणाला सांगू हे त्यालाच विचारा. ते म्हणालं की टीचरला सांग पण मित्रांना नको, तर मित्रांना नाही सांगायचं.