बँजो डोंगरात कसा आला?

प्रश्न : अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातील लोकसंगीताचा महोत्सव कोणी सुरू केला? बँजो हे तारवाद्य मूळचे तिथलेच का?

उत्तर : उत्तर कॅरोलायना राज्यातील अ‍ॅशव्हिल येथे १९२८ साली बॅस्कम लमार लन्सफर्ड यांनी असा महोत्सव प्रथम भरवला. लन्सफर्ड पेशाने वकील असले, तरी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडून त्यांनी शेकडो गाणी गोळा केली आणि ती गाणाऱ्यांनाच मंचावर आणले. माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे काम होय. महोत्सवाचा प्रारंभ दिवस मावळण्याच्या सुमारास होई.

बँजो मात्र मूळचा तिथला नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी भोपळ्यावर कातडे ताणून वाद्ये बनवण्याची आपली विद्या अमेरिकेत जिवंत ठेवली, आणि त्यातूनच आजचा बँजो घडला. हे ऋण दीर्घकाळ झाकले गेले, म्हणून येथे ते मुद्दाम सांगतो. बँजोची पाचवी, आखूड तार अंगठ्याने छेडली जाते आणि आपल्या तंबोऱ्याप्रमाणे एकच स्वर सतत धरून ठेवते. या संगीतातले फिडल, म्हणजे व्हायोलिन, मात्र ब्रिटिश बेटांवरून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आणले.