आधी प्लाझ्मिड काढ, मग बोल

बाय,

काल रात्री तुझा फोटो आला तेव्हा मी फोंड्याहून नुकतीच घरी पोचले होते, बाहेर पाऊस नुसता धो धो. सेफोटॅक्सिम या अँटिबायोटिकच्या प्लेटवर बॅक्टेरियाच्या चाळीसेक कॉलन्या आणि खाली तुझा मेसेज, टूलने जी बदलायची ती जीन तर जशीच्या तशी आहे, मग या जगल्या कशा, माझंच काहीतरी चुकलं का. नाही गं. बॅक्टेरियाला फक्त जगायचं असतं, तुझं प्रोटीन सुधारलं काय आणि नाही काय, त्याला काय पडलंय.

प्लाझ्मिड, म्हणजे तुझी जीन असलेलं डीएनएचं छोटं वेटोळं, बाहेर काढ, ताज्या पेशीत घाल. औषधाला न जुमानणं, रेझिस्टन्स, सोबत आला तरच तो तुझा.

बघ, तुझ्या टूलमधला कॅस९ डीएनएचा एकच धागा कापतो, त्याला जोडलेलं पॉलिमरेज, म्हणजे डीएनए विणणारं प्रोटीन, तिथून नवा धागा विणतं आणि विणताना चुका पेरतं. या टूलच्या २०१८ च्या मूळ कामात हा टप्पा जास्तीत जास्त ३५० अक्षरांचा होता, तुझी रेझिस्टन्सची जीन टेम-१ आहे ८६१ ची. कॅस९ला जागा दाखवणाऱ्या एका गाईड आरएनएने अर्धी जीनसुद्धा झाकली जात नाही, हे तू कुठे मांडलंयस? आणि बाहेर ४६ लाख अक्षरांचा क्रोमोसोम पडलाय, तिथे एखादं पोरिन, म्हणजे औषध आत यायचं दार, बिघडलं किंवा ते बाहेर फेकणारा पंप जोरात चालला की काम झालं, औषध आत पुरेसं साठतच नाही. जीन बदलूनही रेझिस्टन्स वाढतो म्हणा, १९९४ मध्ये स्टेमर नावाच्या शास्त्रज्ञाने याच टेम-१ ची सेफोटॅक्सिमविरुद्धची ताकद ३२,००० पट वाढवून दाखवली. ज्याच्या बदलाने ही ताकद वाढते ते २३८ वं अमिनो आम्ल तुझ्या टप्प्यात येतं का ते तरी बघ आधी!

ही ताज्या पेशीतली तपासणी मी स्वतः केली नव्हती. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी अशाच कॉलन्या, कॉन्फरन्स तोंडावर, सगळे म्हणाले पुढे चल, मी पोस्टर लावलं. नंतर प्लाझ्मिड ताज्या पेशीत घालून औषधावर पसरवलं तर प्लेट कोरी. खिडकीशी धरून उभी होते, झाकणाला वाफेचे थेंब आणि आत काहीच नाही. दीड वर्ष गेलं त्यात. तेव्हापासून री-ट्रान्सफॉर्म, म्हणजे प्लाझ्मिड पुन्हा ताज्या पेशीत घालून बघणं, केल्याशिवाय माझ्या लॅबमधून एक ओळ बाहेर गेलेली नाही, लोक हट्टी म्हणतात, स्लो म्हणतात, म्हणू देत. पेपर कमी झाले असतील माझे, पण एकही मागे घ्यावा लागला नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

सर घाई करतायत म्हणतेस. त्यांना सांग चार दिवस लागतील. प्लाझ्मिड काढ, ताज्या पेशीत घाल, प्लाझ्मिडवरच्या दुसऱ्या मार्करच्या औषधावर वाढव, मग सेफोटॅक्सिमवर टाक. रेझिस्टन्स आला आणि जीन तरीही तशीच असेल तर प्रमोटर (जीन चालू करणारा भाग) आणि कॉपी नंबर (पेशीत किती प्लाझ्मिड आहेत) बघ. सोबत गाईड आरएनए नसलेली प्लेट लावायचीच, तिच्यावरही चाळीस कॉलन्या आल्या तर तुझ्या टूलने काहीच केलेलं नाही.

कॉम्पिटंट सेल्स, त्याच डीएनए आत घेणाऱ्या ताज्या पेशी, लाईट जायच्या आत काढून घे. चवथीला घरी पळायच्या आधी दोन्ही प्लेटचे फोटो शेजारीशेजारी हवेत मला.